घरातील नैसर्गिक वायूची उपकरणे सुरक्षितपणे कशी वापरावीत

नैसर्गिक वायूमुळे घरात दोन वेगळे धोके संभवतात. गळलेला वायू साचून पेट घेऊ शकतो, आणि पुरेशा हवेअभावी तो अर्धवट जळाला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. गळतीच्या वासाने माणूस सावध होतो. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, म्हणून त्याची काळजी अधिक घ्यावी लागते.

प्रथम उपकरण नैसर्गिक वायूसाठीच आहे याची खात्री करावी. सिलिंडरच्या गॅसवर चालणाऱ्या शेगडीचे जेट, म्हणजे बर्नरमध्ये वायू सोडणारी बारीक छिद्राची तोंडे, वेगळ्या मापाचे असतात. ते प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच बदलून घ्यावेत. मुख्य व्हॉल्व्ह कोठे आहे आणि तो कसा बंद होतो, हे घरातील प्रत्येकाला दाखवून ठेवावे. दांडा पाइपला आडवा असला की पुरवठा बंद असतो.

त्यानंतर रबरी नळी आणि सांधे तपासावेत. नळीला भेगा पडल्या असतील, ती कडक झाली असेल किंवा तिची मुदत संपली असेल, तर ती बदलावी. सांध्यांवर साबणाचे पाणी लावल्यावर बुडबुडे आले, तर तेथे गळती आहे असे समजावे. पेटती काडी नेऊन गळती शोधण्याचा प्रकार कधीही करू नये.

शेगडी पेटवताना काडी आधी पेटवावी, मग नॉब फिरवावा. काही क्षणांत ज्योत लागली नाही, तर नॉब बंद करून हवा खेळू द्यावी आणि मगच पुन्हा प्रयत्न करावा. उकळी उतू जाऊन ज्योत विझू शकते, म्हणून शेगडी पेटती सोडून दूर जाऊ नये.

ज्योत निळी व स्थिर असावी. ती सतत पिवळी दिसत असेल किंवा भांड्यांना काजळी धरत असेल, तर ज्वलन अपुरे आहे. बर्नर साफ करूनही फरक पडला नाही, तर तंत्रज्ञाला बोलवावे. गॅस गिझरबाबत तर कोणतीही तडजोड नको. धूर बाहेर नेणारी नळी आणि हवा येण्याचा मार्ग नसलेल्या बंद न्हाणीघरात तो बसवूच नये. घरातील अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी, चक्कर किंवा मळमळ होऊ लागली आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्यावा.

नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. १९३७ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील शाळेत वास नसलेल्या वायूच्या गळतीमुळे स्फोट होऊन सुमारे ३०० जण मृत्युमुखी पडले, त्यानंतर त्यात तीव्र वासाचे द्रव्य मिसळण्याचे कायदे झाले. त्यामुळे असा वास येताच ज्योती विझवाव्यात, हाताशी असल्यास मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा आणि दारे-खिडक्या उघडून सर्वांना बाहेर काढावे. हवेत ५ ते १५ टक्के वायू असला की एक ठिणगी पुरते. म्हणून विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, एक्झॉस्ट पंखाही लावू नये. फोन बाहेर, सुरक्षित अंतरावर जाऊनच करावा. हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने छताकडे साचतो. गळतीसूचक यंत्रही छताजवळच लावावे.

तंत्रज्ञाने तपासून परवानगी दिल्याशिवाय आत जाऊ नये व पुरवठा सुरू करू नये. कार्बन मोनॉक्साइडचा संशय असलेल्या व्यक्तीला बरे वाटू लागले, तरी डॉक्टरांना दाखवावेच.