इंदूरच्या उन्हाळ्यात थर्मोपाइल डिटेक्टर: रचना आणि चाचणी

अवरक्त डिटेक्टर समोरच्या वस्तूचे तापमान मोजतो, असे आपण सहज म्हणतो. पण थर्मोपाइल (तापमानातल्या फरकावर वीजदाब देणाऱ्या सूक्ष्म जोडांची माळ) प्रकारचा डिटेक्टर समोरच्या वस्तूचे प्रारण, म्हणजे तिच्यातून बाहेर पडणारी उष्णताकिरणे, आणि त्याच्या स्वतःच्या धातूच्या डबीचे प्रारण यांतला फरक तेवढा सांगतो. खोलीच 40 अंशांवर असेल, तर 35 अंशांचा तळहात समोर धरल्यावर सिग्नल ऋण येतो. वातानुकूलित प्रयोगशाळा गृहीत धरून आखलेली मंडले इंदुरात एप्रिल-मे महिन्यांत शून्यावर अडकून बसतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

म्हणून रचनेची सुरुवात अॅम्प्लिफायरपासून करावी. एकेरी पुरवठा, म्हणजे फक्त धन वीजदाब, वापरायचा असल्यास थर्मोपाइलचे एक टोक शून्याला न जोडता सुमारे 1.2 व्होल्टच्या स्थिर संदर्भ दाबाला जोडावे, म्हणजे सिग्नलला दोन्ही बाजूंना जागा मिळते. सिग्नल मायक्रोव्होल्टपासून काही मिलिव्होल्टपर्यंतच असल्याने ऑटो-झीरो जातीचा, म्हणजे स्वतःची शून्याची चूक आपोआप काढून टाकणारा, ऑप-अँप (अॅम्प्लिफायरची चिप) घ्यावा. डबीचे तापमान कळण्यासाठी आत थर्मिस्टर (तापमानानुसार बदलणारा रोध) असलेलाच डिटेक्टर निवडावा. त्यावर पैसे वाचवण्यात अर्थ नाही. डिटेक्टरभोवती पितळेची किंवा अॅल्युमिनियमची जाड कडी घट्ट बसवावी. कूलरचा झोत डबीच्या एकाच बाजूला लागला, तर डबीतल्या तापमानाच्या किंचित फरकानेही खोटा सिग्नल उमटतो. खिडकी साध्या काचेची चालत नाही, कारण 300 केल्व्हिनच्या आसपासच्या वस्तूंचे प्रारण 10 मायक्रॉन तरंगलांबीजवळ सर्वाधिक असते आणि काच त्याच्या कितीतरी आधीच अपारदर्शक होते.

चाचणीसाठी महागडा कृष्णपिंड (तापमानानुसार पूर्ण प्रारण सोडणारा आदर्श काळा स्रोत) लागतोच असे नाही. पातळ धातूचा खोलगट पेला घ्यावा, त्याची खोली मुखाच्या रुंदीच्या चौपट-पाचपट असावी आणि आतून मॅट काळा रंग द्यावा. हा पेला आधी कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात आणि मग उकळत्या पाण्यात बसवला, की दोन विश्वसनीय तापमाने हाती येतात. मात्र इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी 100 नव्हे, तर सुमारे 98 अंशांना उकळते. डबी 40 अंशांवर असताना एवढ्या फरकाने अंशशोधनात (ज्ञात तापमानांशी वाचन जुळवण्यात) चार टक्क्यांहून अधिक चूक शिरते.

पेल्याचे मुख वर नव्हे, बाजूला वळवून ठेवावे, म्हणजे वाफ आणि गरम हवा थेट डिटेक्टरवर जाणार नाही. मध्ये पत्र्याचा पडदा धरून तो फक्त दोन-तीन सेकंद उघडावा. थर्मोपाइलला प्रतिसादासाठी शंभराहून कमी मिलिसेकंद पुरतात आणि तेवढ्यात डबी तापत नाही. मग डिटेक्टर थोडा मागे सरकवून पाहावा. वाचन बदलले नाही, तर त्याचे संपूर्ण दृष्टिक्षेत्र पेल्याच्या मुखाने व्यापले आहे. घटले, तर पेल्याची कडाही दिसते आहे आणि ते वाचन टाकून द्यावे.

आता दोन्ही वाचनांचे गुणोत्तर काढावे. सिग्नल वस्तू आणि डबी यांच्या केल्व्हिन तापमानांच्या चतुर्थ घातांतल्या फरकाच्या प्रमाणात असतो. डबी 40 अंशांवर असल्यास उकळत्या पाण्याचा सिग्नल बर्फाच्या सिग्नलच्या सुमारे 2.3 पट आणि उलट चिन्हाचा यायला हवा. डिसेंबरात डबी 20 अंशांवर असताना तेच गुणोत्तर सुमारे 6.4 होते. खिडकीवर 8 ते 14 मायक्रॉनची गाळणी असेल, तर चतुर्थ घाताचा नियम काटेकोर राहत नाही आणि प्लँकच्या सूत्राने (प्रत्येक तरंगलांबीवर किती प्रारण ते सांगणाऱ्या) त्या पट्ट्यापुरती बेरीज करावी लागते. गुणोत्तर याहून बरेच वेगळे आले, तर आधी अॅम्प्लिफायरचा ऑफसेट (सिग्नल नसतानाही येणारे वाचन) तपासावा, डिटेक्टरला दोष नंतर द्यावा. त्यासाठी डबीच्याच तापमानाचा धातूचा, आतून पोकळ व काळा ठोकळा डिटेक्टरच्या तोंडावर ठेवावा आणि जे वाचन येईल ते वजा करावे.

गोंगाटाची चाचणी हाच ठोकळा तसाच ठेवून करावी. 100 किलोओहम रोधाच्या थर्मोपाइलचा औष्णिक गोंगाट 1 हर्ट्झ पट्ट्यात सुमारे 40 नॅनोव्होल्ट असतो. प्रत्यक्षात तो अनेक पट दिसला, तर घरगुती विजेचे 50 हर्ट्झ आत शिरत आहेत असे समजून वायर पिळून कवचात घ्यावी. चॉपर (प्रारण ठरावीक वेगाने अडवणारी-सोडणारी फिरती चकती) वापरायचा असल्यास 25 किंवा 50 हर्ट्झ टाळून 7 किंवा 11 हर्ट्झसारखी वारंवारता घ्यावी. प्रतिसाद 40 व्होल्ट प्रति वॉट असेल, तर 40 नॅनोव्होल्टचा गोंगाट म्हणजे 1 नॅनोवॉट. संवेदक चौकोनाची बाजू 0.7 मिलिमीटर धरल्यास डी-स्टार (आकार आणि गोंगाट लक्षात घेऊन डिटेक्टरांची तुलना करणारा आकडा) सुमारे 7 कोटी सेंटिमीटर-वर्गमूळ-हर्ट्झ प्रति वॉट निघते, आणि थर्मोपाइलसाठी तो आकडा वाजवी आहे.