समुपदेशनाच्या खोलीत लैंगिकतेविषयी कसे विचारावे

"मॅडम, अजून एक बोलायचं होतं," हे वाक्य समुपदेशकाच्या कानावर बहुधा सत्र संपताना, सल्लार्थी चपला पायात सरकवत असताना पडते. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा आणि झोप लागत नाही म्हणून आलेला एक तरुण चौथ्या सत्राच्या अखेरीस असाच दाराशी थांबला. "लग्नाला आठ महिने झाले, पण आमच्यात अजून काही झालंच नाही," असे तो खाली बघत म्हणाला. (या लेखातील सर्व प्रसंगांत ओळख पटण्याजोगे तपशील बदलले आहेत.) झोप, भूक, तंबाखू, दारू, पगार, कर्ज हे सारे मी त्याला पहिल्याच दिवशी विचारले होते. हा एक विषय मात्र मी टाळला होता आणि त्या टाळण्याला सल्लार्थीची अब्रू जपणे असे नाव दिले होते. जपला जात होता तो माझा संकोच.

लैंगिकतेसंबंधीच्या व्यावसायिक नीतीची चर्चा आपल्याकडे मर्यादाभंगापासून, म्हणजे समुपदेशकाने सल्लार्थीशी लैंगिक जवळीक साधण्यापासून, सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. मर्यादाभंग गंभीर आहेच आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे. तरी रोजच्या कामात सल्लार्थीचे अधिक नुकसान न विचारल्याने होते, असे माझे मत आहे. तेव्हा कोणत्या शब्दांत, कोणासमोर आणि कुठवर विचारायचे, हे आधी ठरवून ठेवावे लागते.

पहिला प्रश्न

हा प्रश्न पहिल्या किंवा दुसऱ्या सत्रात, इतर प्रश्नांच्या ओघात आणि त्याच आवाजात विचारावा. मी वापरते ती वाक्ये अशी आहेत: "मी येणाऱ्या प्रत्येकाला झोप, भूक, आजारपण यांच्याबरोबर शरीरसंबंधांबद्दलही विचारते. त्याबाबत काही त्रास किंवा शंका आहे का? आज बोलायचं नसेल तर पुढे कधीही बोलता येईल." यातले शेवटचे वाक्य गाळू नये, कारण नकार देण्याची मोकळीक त्यातूनच मिळते. "लग्न झालंय का?" या प्रश्नाऐवजी "सध्या कोणाशी जवळीक आहे का?" असे विचारले, तर अविवाहित, विधवा, घटस्फोटित आणि समलिंगी व्यक्तींनाही उत्तर देता येते. साठीच्या पुढच्या माणसाला हा प्रश्न गैरलागू आहे, असेही परस्पर ठरवू नये.

विचारल्यानंतर पुढे किती खोलात जायचे, यासाठी जॅक अ‍ॅनन या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात मांडलेली चार पायऱ्यांची रीत आजही उपयोगी पडते. बोलायला परवानगी देणे, मर्यादित माहिती देणे, नेमक्या सूचना करणे आणि सखोल उपचार करणे अशा त्या पायऱ्या आहेत. बऱ्याच जणांचे काम पहिल्या दोन पायऱ्यांवर भागते. चौथ्या पायरीचे प्रशिक्षण नसेल तर तिथे पाय ठेवू नये आणि तसे सल्लार्थीला स्पष्ट सांगावे.

त्या तरुणाच्या घरी दोन खोल्या होत्या आणि माणसे सात होती. नवराबायकोचे अंथरूण बाहेरच्या खोलीत, शेजारी पुतणे, आणि आठवड्यातले सहा दिवस रात्रपाळी. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात एकदा जमले नाही, त्यानंतर प्रत्येक प्रयत्न ही त्याला परीक्षाच वाटू लागली. मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने १९७०मध्ये प्रसिद्ध केलेली, संभोगाची सक्ती बाजूला ठेवून टप्प्याटप्प्याने स्पर्शाचा सराव करण्याची पद्धत अशा वेळी द्यायची असते, हे आपण शिकलेलो असतो. पण तो सराव सांगण्याआधी घरात खोल्या किती आहेत आणि दाराला आतून कडी आहे का, हे विचारणे अधिक गरजेचे असते. पत्नीची संमती आणि तिचे स्वतःचे म्हणणे तिच्याशी स्वतंत्र बोलून समजून घेतल्याशिवाय असा सराव नवऱ्याच्या हाती देऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

शरीराची बाजूही सोडता येत नाही. लिंगाला ताठरता न येण्यामागे मधुमेह, रक्तदाब किंवा औषधे असू शकतात आणि कधी कधी ती हृदयविकाराची आगाऊ खूण असते. नैराश्यावरच्या काही नेहमीच्या गोळ्यांनी कामेच्छा मंदावते किंवा वीर्यपतनाला उशीर होतो, आणि हे कोणी न सांगितल्यामुळे रुग्ण त्या गोळ्या गुपचूप बंद करतात. संबंधाच्या वेळी वेदना होत असलेल्या स्त्रीला "मन मोकळं ठेवा" एवढे सांगून परत पाठवणे हा हलगर्जीपणा आहे. सिव्हिलमध्ये किंवा सल्लार्थीच्या विश्वासातील डॉक्टरांकडे आधी तपासणी करून घ्यावी, आणि गोळ्यांचा निर्णय त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांवरच सोडावा.

शब्द आणि भाषा

सोलापुरात येणारा माणूस मराठी, तेलुगू, कन्नड किंवा दखनी यांपैकी काहीही बोलत असतो, आणि या विषयावरचे शब्द त्याने बहुधा मित्रांकडून किंवा भिंतीवरच्या जाहिरातींतून उचललेले असतात. "कमजोरी आहे", "घरात बरोबर नाही", "नस ढिली पडली" या प्रत्येकाचे चार अर्थ निघतात. आधी सल्लार्थीचाच शब्द वापरावा, "म्हणजे नेमकं काय होतं?" असे विचारावे आणि मग शरीराच्या अवयवांची साधी, स्पष्ट नावे बोलण्यात आणावीत. "धातू जाते" ही तक्रार हसण्यावारी नेणे सोपे असते. डॉ. एन. एन. विग यांनी १९६०मध्ये या लक्षणसमूहाला नाव दिले, तेव्हापासून मनोविकारशास्त्रात तिची दखल घेतली जाते आणि तिच्याआड पुष्कळदा चिंता किंवा नैराश्य असते. वीर्य गेल्याने शरीर खंगत नाही, ही माहिती द्यायचीच आहे. तत्पूर्वी हे त्याला कोणी सांगितले आणि तेव्हापासून त्याने काय काय सोडून दिले, ते ऐकून घ्यावे.

दुभाषा म्हणून नातेवाइकाला बसवू नये. डोकेदुखीसाठी आलेल्या, विड्या वळणाऱ्या एका तेलुगू भाषक बाईंचे म्हणणे तीन सत्रे त्यांची नणंद मला मराठीत सांगत होती, आणि तिच्या सांगण्यात डोकेदुखीखेरीज काहीच नव्हते. तेलुगू येणाऱ्या एका परिचारिकेला गोपनीयता समजावून सोबत घेतले, त्या दिवशी बाई आधी रडल्या आणि मग नवरा दारू पिऊन जबरदस्ती करतो असे बोलल्या. नणंदेला ते ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही.

खोलीचेही तसेच आहे. प्लायवुडच्या आडोशामागे बसून गोपनीयतेचे आश्वासन देता येत नाही. माझ्या जुन्या जागेत मे महिन्यात कूलरच्या घरघरीत सारे झाकले जाई, पण थंडीत कूलर बंद झाला की बाहेरच्या बाकावरील माणसाला आतला शब्द न् शब्द ऐकू येत असे, आणि हे मला एका सल्लार्थीनेच दाखवून दिले. आता मी बाहेर कोणाला तरी बसवून आत नेहमीच्या आवाजात बोलते आणि काय ऐकू येते ते वर्षातून दोनदा तपासते.

कुठे थांबावे

प्रत्येक प्रश्नाआधी स्वतःला एकच विचारावे: याचे उत्तर न मिळाल्यास उपचारातले माझे पुढचे पाऊल अडेल का? अडणार नसेल तर तो प्रश्न कुतूहलाचा आहे. सुरुवातीच्या वर्षांत विवाहबाह्य संबंधाबद्दल बोलणाऱ्या एका बाईंना मी ते दोघे कुठे भेटतात, किती वेळा भेटतात, सारे विचारत गेले. त्यांनी सारे सांगितले आणि पुन्हा त्या आल्या नाहीत. त्यांना होणारा अपराधभाव आणि घरातली भीती यांवर काम करण्यासाठी त्यातल्या एकाही तपशिलाची गरज नव्हती. अत्याचाराच्या अनुभवाबाबत तर हे फारच काटेकोरपणे पाळावे.

आपली मते हाही थांबण्याचाच भाग आहे. अभियांत्रिकीला असलेल्या मुलाला घेऊन आईवडील येतात आणि "याला मुलींत रस नाही, लग्नाआधी सरळ करा" असे म्हणतात, तेव्हा उत्तर आदराने पण निःसंदिग्ध द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आणले, आणि कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार तर समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक चौकटीत न बसणे हा मनोविकाराच्या निदानाचा आधारच होऊ शकत नाही. "मुलाला आजार नाही, त्याच्या आणि तुमच्या मनावरचा ताण कमी करायला मी मदत करू शकते," असे सांगून आईवडिलांना स्वतंत्र वेळ द्यावी. लग्न लावून दिले की ठीक होईल, असे ते म्हणाले तर त्या घरात येणाऱ्या मुलीचाही विषय काढावा. आपल्या श्रद्धा आड येत असतील तर दुसऱ्या सक्षम समुपदेशकाकडे पाठवावे; "बदलून देणाऱ्या"कडे कधीही नाही.

गोपनीयतेच्या मर्यादा

या मर्यादा सल्लार्थी बोलू लागण्यापूर्वी सांगायच्या असतात. १८ वर्षांखालील व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास किंवा तो होण्याची धास्ती वाटल्यास, पॉक्सो कायदा, २०१२च्या कलम १९ नुसार विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सतरा वर्षांच्या मुलीची संमती या कायद्यात धरली जात नाही, त्यामुळे तिने प्रियकराबद्दल सांगितले तरी हे कलम लागू होते. कायद्याचा हा भाग मला कित्येकदा जाचक वाटला आहे. त्यावर उपाय एवढाच की पहिल्या पाच मिनिटांत तिला नियम समजेल अशा भाषेत सांगावा आणि काय बोलायचे ते तिला ठरवू द्यावे. कळवण्याची वेळ आलीच तर तिला अंधारात ठेवून कळवू नये.

एचआयव्ही बाधित सल्लार्थीच्या जोडीदाराला सल्लार्थीच्या संमतीवाचून त्या बाधेबद्दल सांगण्याची मुभा २०१७च्याच एचआयव्ही-एड्सविषयक स्वतंत्र कायद्याने डॉक्टर आणि समुपदेशकाला काही अटींवरच दिली आहे. जोडीदाराला मोठा धोका असणे, सल्लार्थीला स्वतः सांगण्यासाठी समुपदेशन केलेले असणे, तो सांगणार नाही अशी खात्री होणे आणि आपण सांगणार आहोत हे त्याला आधी कळवणे या त्या अटी आहेत. सांगितल्यामुळे बाधित स्त्रीला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी धास्ती असेल, तर ती मुभा उरत नाही. जोडप्यासोबत काम करताना एकाने एकट्याने सांगितलेले दुसऱ्यापासून लपवले जाईल की नाही, हे पहिल्याच सत्रात दोघांसमोर ठरवावे. नोंदी मोजक्या शब्दांत लिहाव्यात: वकील आणि अशील यांच्यातील संवादाला पुराव्याच्या कायद्यात जे संरक्षण आहे ते समुपदेशकाला नाही, आणि घटस्फोटाच्या खटल्यात न्यायालय फाइल मागवू शकते.

ओढ वाटली तर

सल्लार्थीला समुपदेशकाविषयी ओढ वाटणे ही नवलाची गोष्ट नाही; फ्रॉइड यांनी १९१५मध्येच त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला होता. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर "तुमची आठवण येते" असा निरोप आला तर तिथे उत्तर देऊ नये. पुढच्या सत्रात तो विषय न दुखावता काढावा, नाते कामाचेच राहील हे सांगावे आणि ही जवळीक आयुष्यात कुठे कमी पडते आहे याकडे वळावे. ओढ समुपदेशकाला वाटू लागली तर तिचा भार सल्लार्थीवर टाकू नये. पर्यवेक्षकाशी, म्हणजे आपल्या कामावर देखरेख करणाऱ्या अनुभवी समुपदेशकाशी, लगेच बोलावे. आपण त्या व्यक्तीची वेळ मुद्दाम शेवटची ठेवतो आहोत, सत्र लांबवतो आहोत किंवा त्या दिवशी कपड्यांचा विचार करतो आहोत, या खुणा स्वतःच ओळखाव्यात. सल्लार्थीशी लैंगिक संबंध कोणत्याही सबबीखाली क्षम्य नाही. अमेरिकी मानसशास्त्रीय संघटनेची संहिता उपचार संपल्यावरही किमान दोन वर्षे मनाई करते आणि त्यापुढेही अगदी अपवादानेच सूट देते. मला ती सूटही मान्य नाही. सोलापूरसारख्या, कोण कोणाचा पाहुणा हे सर्वांना ठाऊक असलेल्या शहरात पर्यवेक्षक शक्यतो पुण्याचा किंवा मुंबईचा, ऑनलाइन भेटणारा असावा. इथल्या ज्येष्ठांपुढे नाव न घेता माणसाचे वर्णन केले तरी तो कोण हे त्यांना कळून चुकते.

याच कारणाने बाहेरच्या भेटीचेही आधीच ठरवून घ्यावे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर सल्लार्थी सासूसोबत समोर येते, तेव्हा ओळख दाखवायची की नाही हे तिने ठरवायचे असते. तिने नजर वळवली तर आपण पाळण्यांकडे बघत पुढे चालू लागावे.