लंडनची वेळ, घड्याळ उलटं धरून
मित्रांकडे लंडनला निघालो की घरच्यांना एकच घोर: तिकडे आता किती वाजले, फोन केला तर झोपमोड होईल का? जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला राहणाऱ्या माझ्या मायला ही युक्ती फार कामी आली.

१. काट्यांचं मनगटी घड्याळ आपल्याच वेळेवर ठेवा.
२. ते उलटं धरा. १२ खाली, ६ वर. छापील आकडे सोडून नुसते काटे वाचा.

इकडे दुपारचे ३ वाजले की उलट्या घड्याळात साडेनऊ दिसतात. तीच लंडनची सकाळ. तासकाटा अर्धा तास मागे वाटतो, हे मायला दोनदा दाखवावं लागलं, मग जमलं.

मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडनची घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून त्यात एक तास मिळवा.