ईव्हीचा ब्रेक खर्रखर्र करतोय?

इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे एरवी दबून जाणारे आवाजही कानात भरतात. पावसाळ्यात गाडी दोन-चार दिवस उभी राहिली आणि ब्रेक दाबताना खर्रखर्र आली, तर ती बहुधा डिस्कवरच्या गंजाची. रीजनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच गाडी थोपवून बॅटरी चार्ज करते त्या सोयीमुळे, ब्रेक पॅड फारसे वापरलेच जात नाहीत, मग गंज घासून निघणार कसा? मोकळा रस्ता बघा, मागे कुणी नाही याची खात्री करा, रीजन कमीत कमी ठेवा आणि पाच-सहा वेळा जरा दाबून ब्रेक मारा. तरीही आवाज राहिला तर चाक काढून पॅड आणि ते डिस्कवर दाबणारा कॅलिपर तपासून घ्या. वेगाबरोबर वाढणारी घूंघूं हलक्या वळणावर कमी-जास्त होत असेल, तर संशय व्हील बेअरिंगवर. फास्ट चार्जिंगच्या वेळी बॉनेटखालून येणारा पंख्याचा आवाज मात्र बॅटरी थंड ठेवण्यासाठीचा. त्यासाठी सर्व्हिस सेंटरला खेटे घालू नका.