रविवारच्या ग्रुपची तयारी पंधरा दिवस आधी

रविवारी रायफलच्या रेंजवर जायचं असेल तर मी दोन आठवडे आधीच्या शनिवारपासून कामाला लागतो. रायफल साधीच आहे: थर्टी-थर्टी विंचेस्टरची लिव्हर-ॲक्शन (खालचा दांडा ओढून काडतूस चढवायची), १८९५ साली बाजारात आलेलं काडतूस, अमेरिकेत हरणाच्या शिकारीला अजूनही भरपूर खपतं. मला शिकार करायची नसते. घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांनी शंभर यार्डांवर दहा बार दोन इंचांत बसवायचे, एवढीच हौस; टार्गेटवरच्या भोकांच्या त्या पुंजक्यालाच ग्रुप म्हणतात. इथे ओहायोत स्वतःपुरत्या गोळ्या ओतायला आणि काडतुसं भरायला परवाना लागत नाही, विकायच्या असतील तर लागतो. पुण्याच्या भाच्याने फोनवर उत्साहाने चौकशी केली तेव्हा त्याला पहिल्यांदा हेच सांगितलं: बाबा रे, भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, तू नुसतं ऐक.

सगळ्यात आधी नळीचं माप. हे एकदाच करायचं काम आहे, पण ते न करता बाकी सगळं केलं तर ते सगळं फुकट. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं, लिव्हर उघडी ठेवायची, नळीला तेलाचा हात द्यायचा आणि मऊ शिशाचा एक तुकडा तोंडाकडून ठोकून पितळी सळईने हळूहळू पार ढकलायचा. गळाला लावायचं शिशाचं वजनही चालतं. तुकड्यावर नळीच्या आतल्या आट्यांचे ठसे उमटतात. त्यातल्या उंच भागांवर मायक्रोमीटर लावायचा, व्हर्नियर नको. भोसरीच्या टूलरूममध्ये आमचे फोरमन म्हणायचे, थाऊचं, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचं, काम व्हर्नियरवर करणारा माणूस नशिबावर जगतो. माझ्या नळीचं माप आलं ०.३०८५ इंच, छापील मापापेक्षा अर्धा थाऊ जास्त. शिशाची गोळी त्याहून एक ते दोन थाऊ मोठी हवी, म्हणून मी ०.३१० ला थांबलो. तांब्याचं आवरण असलेली बाजारातली गोळी नळीच्या मापाची असली तरी भागतं. शिशाची गोळी सैल असेल तर मागचा तापलेला वायू तिच्या कडेने पुढे पळतो, शिसं खरवडतो आणि नळीला लेप चढतो. गोळी फार मऊ होती म्हणून शिसं धरलं असं सगळे म्हणतात. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा ती लहान होती.

मग धातू. शुद्ध शिसं या वेगाला फार मऊ पडतं, त्यात अँटिमनी आणि कथील हवं. नव्वद टक्के शिसं, पाच टक्के कथील, पाच टक्के अँटिमनी हे जुनं नावाजलेलं मिश्रण, पण कथिलाचे भाव बघता मी गाड्यांच्या चाकांना समतोलासाठी लावलेली जुनी वजनं वितळवतो आणि त्यात दीड-दोन टक्के कथील घालतो. कथिलामुळे धातू साच्याच्या कोपऱ्यांत नीट शिरतो. चाकांच्या वजनांत हल्ली जस्ताची आणि लोखंडाची भेसळ फार, म्हणून एकेक वजन पक्कडीने दाबून बघायचं: शिसं लोण्यासारखं कापलं जातं, जस्त दाद देत नाही. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ ला. भांडं ३७० च्या आत ठेवलं तर नजरेतून सुटलेलं जस्त वर तरंगतं आणि झाऱ्याने काढता येतं.

ओतण्याचा दिवस कोरडा निवडायचा. गॅरेजचं दार सताड उघडं, पंखा बाहेरच्या दिशेने, मुलं आणि कुत्रा घरात, चहाचा कप तर अजिबात आसपास नको. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब खाली गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि भांड्यातलं शिसं छताला लागतं. कपाळावरचा घामसुद्धा पुरतो. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, चामड्याचे बूट, चामड्याचे हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल एवढं अंगावर हवंच. नवी वजनं वितळलेल्या धातूत वरून टाकायची नाहीत, थंड भांड्यात घालून मगच बटण दाबायचं. धातू पातळ झाला की मटाराएवढा मेणाचा तुकडा टाकून तळापासून ढवळायचं. धूर होतो, कधी भडका उडतो, आणि राखाडी मळ वर येतो. कथिलाची चकाकी वर आली की मला दरवेळी वाड्यातला कल्हईवाला आठवतो, फक्त नवसागराचा तो वास नसतो. काढलेला मळ झाकणाच्या डब्यात जातो, कारण त्याची धूळ धुरापेक्षा वाईट.

साचा आदल्या दिवशीच भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासून वाळवलेला असावा, आत तेलाचा अंश राहिला तर गोळीवर सुरकुत्या येतात. थंड साच्यानेही येतात, म्हणून तो आधी गरम करून घ्यायचा. पहिल्या पंधरा-वीस गोळ्या बघायच्याही नाहीत, परत भांड्यात. पुढे हाताला लय सापडते: ओतायचं, वरचा थेंब गोठून मंद होईपर्यंत चार-पाच सेकंद थांबायचं, पट्टी सरकवून तो कापायचा, साचा उघडून जुन्या टॉवेलवर गोळी पाडायची. अडकली तर लाकडी हातोडीने बिजागरीवर टिचकी मारायची, साच्यावर कधीच नाही. सुरकुत्या म्हणजे साचा थंड, पांढुरकी पिठूळ झाक म्हणजे गरम. लय तुटू द्यायची नाही, फोन वाजला तर वाजू दे.

संध्याकाळी निवड करायची, आणि माझ्या मते अर्धा ग्रुप याच टेबलावर ठरतो. भिंग घेऊन प्रत्येक गोळीचं बूड बघायचं. टोकाला बारीक खड्डा असला तरी फारसं बिघडत नाही, पण बुडाची कड गोल राहिली किंवा तिथे खळगा असला तर नळीबाहेर पडताना वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला धक्का देतो. बूड स्वच्छ असेल तीच वजनाच्या काट्यावर. माझा साचा १७२ ग्रेनच्या आसपास टाकतो, म्हणजे साधारण अकरा ग्रॅम. जास्तीत जास्त गोळ्या जिथे जमतात त्याच्या अर्धा ग्रेन अलीकडे-पलीकडे चालतं. फार हलकी निघाली तर पोटात पोकळी आहे असं समजायचं. दोनशे ओतल्या तर सव्वाशे हाती लागतात, उरलेल्या पुन्हा वितळतात. एवढं स्वस्त अपयश दुसऱ्या कुठल्या छंदात मिळत नाही.

बुडाला तांब्याची छोटी टोपी बसवायची, खाचांत मेणाचं वंगण भरायचं, ०.३१० च्या डायमधून, म्हणजे नेमक्या मापाच्या भोकातून, काढायची आणि दोन आठवडे डब्यात ठेवून द्यायची. अँटिमनी असलेलं मिश्रण हळूहळू कडक होतं. आज ओतलेली गोळी आणि पंधरा दिवसांची गोळी एकाच ग्रुपमध्ये मिसळायची नाही.

काडतूस भरताना मी पहिल्या वर्षी सपाटून मार खाल्ला. सगळी मापं चोख होती, तरी सहा इंचांचा ग्रुप, आणि विसाव्या बारानंतर नळीत शिशाचे चंदेरी ओघळ. महिनाभर मिश्रणाला दोष दिला. शेवटी वैतागून भरलेलं एक काडतूस गोळी बाहेर काढणाऱ्या हातोडीसारख्या पुलरने उघडलं आणि गोळी मोजली. ०.३१० ची आत घातलेली गोळी ०.३०८ होऊन बाहेर आली होती. काडतुसाच्या पितळी केसची (नळकांड्याची) मान तांब्याच्या गोळ्यांसाठी घट्ट केलेली असते, तिनेच माझी मऊ गोळी आवळली होती. तेव्हापासून शिशासाठीचा वेगळा, जाड एक्स्पांडर (मान रुंद करणारी खुंटी) वापरतो, केसचं तोंड सूतभरही नाही, जेमतेम नखाला लागेल एवढं उघडतो, आणि प्रत्येक खेपेला एक काडतूस फोडून मोजतो. हे एक कधीही वगळायचं नाही.

दारू किती भरायची ते इथे लिहिणार नाही. ज्या गोळीचं जेवढं वजन, त्यासाठी पावडर कंपनीने छापलेलं शिशाच्या गोळीचं कोष्टक बघायचं आणि खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची. मी सेकंदाला सोळाशे फुटांच्या आसपास राहतो. एक धोका मात्र सांगतो. शिशाला लागणारी दारू थोडी असते, केस मोठी, त्यामुळे चुकून दुप्पट पडली तरी ती मावते आणि रायफल फुटू शकते. पन्नास केसेस ठोकळ्यात उभ्या करून गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत टॉर्च मारून पातळी बघायची. त्या वेळी कोणी बोलायला आलं तर काम थांबवायचं.

आदल्या रात्री नळीतलं तांबं पूर्ण काढायचं, कारण त्यावर शिसं चटकन धरतं. पिशवीत वाळूच्या दोन उशा, कानांचे मफ, वही, पेन, कोरी टार्गेटं, स्टेपलर आणि तांब्याची घासणी. घासणीला चुंबक लावून बघायचं, चिकटली तर ती आतून लोखंडाची.

रेंजवर पहिले पाच बार मातीच्या बांधात, नळीत वंगण बसायला. मग पुढची उशी दरवेळी रायफलच्या त्याच जागी, नळीला न टेकता. काडतूस एकेक करून, बारांमध्ये सारखं अंतर. तीन बारांचा ग्रुप खोटं बोलतो, म्हणून दहाच मारायचे आणि सुटलेला दहावाही मोजायचा. बाहेरच्या कडांमधलं अंतर घेऊन त्यातून गोळीचा व्यास वजा करायचा, टार्गेटवरच तारीख, मिश्रण, वारा लिहून टाकायचं. एका रविवारी एकच गोष्ट बदलायची.

परत येताना ओल्या रुमालाने हात-तोंड पुसायचं, घरी साबणाने पुन्हा धुवायचं, कपडे वेगळे धुवायला टाकायचे. वर्षातून एकदा रक्तातल्या शिशाची तपासणी असतेच. ही तपासणी बायकोने यादीत घातली आहे, आणि चहा त्या धुण्यानंतरच मिळतो.