स्किपिओ घराण्यावर लिहिताय? या चुका टाळा

झामाला कार्थेजच्या सेनापतीला, हॅनिबलला हरवणारा रोमन स्किपिओ आणि रोमचं वैरी शहर कार्थेज (उत्तर आफ्रिका) जमीनदोस्त करणारा स्किपिओ हे एकच, असं लिहिलेलं मी इतक्यांदा खोडलंय की आता राग येतो. झामाची लढाई इ.स.पू. २०२ची. कार्थेज पडलं इ.स.पू. १४६ला, तेव्हा झामाच्या, म्हणजे थोरल्या, स्किपिओला जाऊन सदतीस वर्षं झाली होती.

एकदा मात्र ही चूक माझ्याही नजरेतून सुटली. एका मासिकाचा लेख तपासत होते. झामाचा विजय रंगवून झाल्यावर 'हाच सेनापती' जळत्या कार्थेजकडे पाहून रडतो, असं वाक्य होतं. वाक्य सुरेख होतं, म्हणून मी साल पडताळलं नाही. अंक निघाला आणि आठवड्याभरात एका निवृत्त शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं: 'त्या वेळी स्किपिओ नव्वद वर्षांचा होता का, हे कृपया तपासावे.' ते कार्ड आजही माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

दोघांनाही 'आफ्रिकानुस' म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो. धाकटा, म्हणजे कार्थेज पाडणारा, जन्माने स्किपिओ नव्हताच. मॅसिडोनियाविरुद्ध पिडनाची लढाई जिंकणाऱ्या एमिलिउस पॉलसचा तो मुलगा. थोरल्याच्या मुलाने त्याला दत्तक घेतलं. मूळ कुळाची खूण म्हणून नावात 'एमिलिआनुस' राहिलं. आता घाईची मंडळी '-आनुस' दिसलं की दत्तक, असा नियम करून टाकतात. 'आफ्रिकानुस'लाही तेच शेपूट आहे, पण ते आफ्रिकेतल्या विजयाचं नाव. वडिलांच्या नावावरूनही सुटका नाही, कारण दोघेही पब्लिउस आणि पब्लिउसचेच मुलगे (धाकटा दत्तकाने). म्हणून मी आधी वहीत कॉन्सुलपदाची (रोमचं वर्षभराचं सर्वोच्च पद) सालं मांडते: थोरला २०५ आणि १९४, धाकटा १४७ आणि १३४, सगळी इ.स.पू. मगच पहिलं वाक्य.

'इ.स.पू. १३३ मध्ये स्किपिओने टायबेरिउस ग्राकसला मारलं' हे दुसरं दुखणं. टायबेरिउस म्हणजे जमीनवाटपाचा कायदा आणणारा रोमचा लोकाधिकारी. कोणत्या स्किपिओने? जमाव घेऊन धावला तो याच घराण्यातला नासिका सेरापिओ. एमिलिआनुस तेव्हा स्पेनमध्ये नुमान्तियाच्या वेढ्यात होता. इथे नाती लिहिलीच पाहिजेत. थोरल्या आफ्रिकानुसच्या दोन्ही मुलींचं नाव कॉर्नेलिया, कारण मुलींना कुळाचंच नाव मिळे. थोरलीचा मुलगा सेरापिओ, धाकटीचा टायबेरिउस. म्हणजे जमावाच्या पुढे सख्खा मावसभाऊ होता, आणि एमिलिआनुस टायबेरिउसच्या बहिणीचा नवरा. नुसतं 'स्किपिओ' लिहिलंत की घरातली ही सगळी फाटाफूट वाचकापासून लपते.

आशियाटिकुस म्हणजे आफ्रिकानुस नव्हे, त्याचा भाऊ लुसिउस. आशिया मायनरमधल्या मॅग्नेशियाच्या लढाईचा विजय त्याच्या नावावर आहे.

कार्थेजच्या जमिनीत मीठ पेरल्याचं एकाही प्राचीन लेखकाने लिहिलेलं नाही. ते वाक्य काढून टाका.

बार्बातुसच्या दगडी शवपेटीचा फोटो आफ्रिकानुसच्या नावाखाली छापू नका. बार्बातुस हा याच घराण्यातला पूर्वज, इ.स.पू. २९८चा कॉन्सुल, आणि पेटीच्या दर्शनी बाजूवर त्याचं नाव कोरलेलं आहे. फोटो मोठा करून तेवढं वाचा.