दिव्याच्या खांबापर्यंत हात पोहोचणारा लेगोचा ट्रक

वादळात तार तुटली की वीज कंपनीची गाडी येते, दोन्ही बाजूंचे पाय रस्त्यावर टेकवते आणि मग तिचा लांब हात माणसाला पाळण्यात घेऊन खांबाच्या टोकापर्यंत जातो. अशी गाडी दिसली की माझी पावलं आजही थांबतात. तीच गाडी लेगो टेक्निकच्या, म्हणजे लेगोच्या पट्ट्या-गिअर-मोटरींच्या मालिकेतल्या, सुट्या भागांतून, मोटर लावून, फोनवरून चालेल अशी कशी बांधायची ते इथे सांगतो.

बहुतेक जण केबिनपासून सुरुवात करतात, कारण तिथे ट्रक लगेच ट्रकसारखा दिसू लागतो. मी उलट सांगेन. आधी हात, म्हणजे बूम. त्याची लांबी आणि वजन ठरल्याशिवाय गाडी किती रुंद आणि किती जड हवी हे कळतच नाही.

आधी गणित, मग ठोकळे

टेक्निकच्या बीमवर, म्हणजे छिद्रांच्या पट्टीवर, एका छिद्रापासून पुढचं छिद्र बरोबर 8 मिलिमीटरवर असतं. म्हणजे 40 छिद्रांचा बूम 32 सेंटिमीटर लांब आणि 15 छिद्रांचा सांगाडा 12 सेंटिमीटर रुंद. माझा पहिला ट्रक याच मापाचा होता. बूम आडवा करून बाजूला वळवला आणि अख्खी गाडी कलंडली. का, ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने सांगितलं.

सांगाडा 700 ग्रॅम, बूम 200 ग्रॅम, पाळणा 100 ग्रॅम. गाडी बाजूच्या चाकांवर कलते. ती चाकं मध्यापासून 6 सेंटिमीटरवर. गाडीला खाली धरून ठेवणारा जोर 700 गुणिले 6, म्हणजे 4200 ग्रॅम-सेंटिमीटर. उलथवणारा जोर असा: बूमचं वजन त्याच्या मध्याशी, 16 सेंटिमीटरवर धरलं तर चाकाच्या बाहेर 10, म्हणून 2000. पाळणा चाकाच्या बाहेर 26, म्हणून 2600. बेरीज 4600. कलंडणारच.

आता दोन्ही बाजूंना टेकूचे पाय मध्यापासून 11 सेंटिमीटरवर टेकवा. धरून ठेवणारा जोर 7700 होतो, उलथवणारा 3100 वर येतो. एक ग्रॅमही न वाढवता गाडी पक्की उभी राहते. खऱ्या गाडीचे पाय का पसरतात हे मला त्या दिवशी पूर्ण उमगलं. तुमच्या भागांची वजनं करा आणि हाच हिशेब तुमच्या मापांनी मांडा. धरून ठेवणारा जोर उलथवणाऱ्याच्या निदान दुप्पट हवा, कारण हलता बूम झटके देतो.

बूम आणि सरळ राहणारा पाळणा

एवढा लांब बीम मिळत नाही, जोडावा लागतो. दोन ओळी शेजारी ठेवा आणि भिंतीत विटांचे सांधे चुकवतात तसे जोड चुकवा. एका जोडाला निदान पाच छिद्रं एकमेकांवर यायला हवीत, नाहीतर बूम मध्ये वाकतो.

या गाडीतली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे पाळणा. बूम वर जावो, खाली येवो, माणूस सरळ उभा राहतो. त्यासाठी वेगळी मोटर लागत नाही. बूमच्या खाली तेवढ्याच लांबीचा एक बारीक दांडा समांतर लावा. बुडाशी दोघांच्या खिळ्यांमध्ये उभं अंतर दोन छिद्रांचं ठेवा आणि पाळण्याशीही नेमकं तेवढंच. चार सांध्यांचा समांतरभुज चौकोन तयार होतो, त्याच्या समोरासमोरच्या बाजू समांतरच राहतात, म्हणून पाळण्याची उभी बाजू कायम उभी. एका छिद्राचाही फरक पडला तर पाळणा हळूहळू कलतो.

इथे एक मर्यादा आहे. बूम अगदी उभा झाला की बूम आणि दांडा एका रेषेत येतात, चौकोन चपटा होतो आणि पाळणा डगमगू लागतो. म्हणून 70 अंशांच्या आसपास बूम अडेल असा अडसर बांधा.

बूम उचलायला टेक्निकचा लिनिअर ॲक्चुएटर, म्हणजे मोटरने लांब-आखूड होणारा दांडा, वापरा. आत आट्याचा दांडा असल्याने मोटर थांबली की बूम जागच्या जागी राहतो आणि टोकाला पोहोचल्यावर आतला क्लच कटकट करत सुटतो, काही तुटत नाही. वरच्याच वजनांनी बूम आडवा असताना बुडाशी 6400 ग्रॅम-सेंटिमीटरचा भार येतो. ॲक्चुएटरची रेषा बुडाच्या खिळ्यापासून 5 सेंटिमीटरवर असेल तर त्याला जवळपास 1300 ग्रॅमचा रेटा द्यावा लागतो. म्हणून मी दोन ॲक्चुएटर लावतो, एकाच मोटरवर, दोन्ही बाजूंना.

चार कामं, चार जोडण्या

टेक्निक हबला, म्हणजे मोटरी चालवणाऱ्या बॅटरीच्या डब्याला, चार मोटरी जोडता येतात आणि तो ब्लूटूथवर फोनशी बोलतो. आपली कामंही चारच: चालणं, वळणं, बूम फिरवणं, बूम उचलणं. टेकूचे पाय हातानेच खाली करायचे. जुना इन्फ्रारेड संच कुणाकडे असेल तर तोही चालेल, पण रिमोट समोर धरावा लागतो आणि उन्हात तो नीट ऐकत नाही.

हबमध्ये सहा AA सेल बसतात. साधे अल्कलाइन घेतले तर 9 व्होल्ट, रिचार्जेबल घेतले तर 7.2, त्यामुळे गाडी थोडी मंद वाटते. हब सांगाड्यात शक्य तितका खाली ठेवा. तेच तुमचं फुकटचं वजन.

मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, हवीच, नाहीतर वळताना आतलं चाक घसटतं. 28 दात्यांच्या डिफरन्शियलला 12 दात्यांचा तिरपा गिअर लावला की मोटरचे साधारण सव्वादोन फेरे म्हणजे चाकाचा एक. वेग किती मिळेल हे पुस्तकात शोधू नका. मोटरच्या दांड्यावर रंगीत टेप लावा, अर्ध्या मिनिटातले फेरे मोजा. 62.4 मिलिमीटर व्यासाचं चाक एका फेऱ्यात सुमारे 19.6 सेंटिमीटर जातं. चाकाला मिनिटाला 100 फेरे मिळाले तर सेकंदाला 33 सेंटिमीटर, एवढा वेग या गाडीला पुष्कळ.

गिअर टकटक वाजले तर मोटरला दोष देऊ नका. भार आला की दांडा वाकतो आणि दाते एकमेकांवरून उड्या मारतात. प्रत्येक दांडा दोन्ही टोकांना बीममध्ये अडकलेला हवा आणि ते दोन बीम आडव्या बीमने बांधलेले हवेत.

पुढच्या चाकांना दातेरी पट्टी आणि तिच्यावर एक मोटर. लेगोच्या पॉवर्ड अप या फोनवरच्या ॲपमध्ये कार्यक्रम रचताना सुरुवातीलाच मोटर कमी ताकदीने डावीकडे अडेपर्यंत, मग उजवीकडे अडेपर्यंत फिरवा आणि मोटरच्या कोनाच्या दोन्ही आकड्यांचा मध्य काढा. तोच सरळ रस्ता. हे केलं नाही तर गाडी दर वेळी एका बाजूला ओढते.

बूम फिरवायला टर्नटेबल, म्हणजे दातेरी फिरती तबकडी, आणि त्याच्या दात्यांना वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखा गिअर. नव्या टर्नटेबलला 60 दाते, म्हणजे वर्मच्या 60 फेऱ्यांत एक वळसा. संथ आणि ठाम, शिवाय बूमला धक्का लागला तरी तो मागे फिरत नाही. बूमच्या मोटरची वायर टर्नटेबलच्या मधल्या भोकातून वर न्या आणि खाली एक सैल वेटोळं ठेवा. एका दिशेला एकच वळसा घ्या, मग परत या. काही जण वायरऐवजी मधून फिरता दांडा वर नेतात. दिसायला ते छान, पण टर्नटेबल फिरलं की दांडाही सापेक्ष फिरतो आणि बूम आपोआप किंचित वरखाली होतो.

हे चारही भाग सुटे सुटे चालवून झाले की मगच केबिन, बंपर, पिवळा दिवा. इथे मी काही सांगत नाही. तुमच्या गल्लीत येणारी गाडी नीट बघा आणि तशी सजवा.

चालवताना क्रम मात्र खऱ्या गाडीचाच पाळा. गाडी थांबवा, पाय खाली टेकवा, बूम आधी थोडा वर उचला आणि मग बाजूला फिरवा. परतताना बूम पुढे आणून केबिनवरच्या टेकूवर ठेवा, आणि तो नीट टेकलाय हे बघूनच पाय उचला.